केसांचा केसपेपर कोण काढणार?

'केसच गेलेत ना, जीव तर नाही गेला?' हे वाक्य गेल्या सहा वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्याचा राग येत नाही, त्याच्याशी भांडावंसं वाटतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं ऐकवलं, औषधाच्या खिडकीवरच्या भाऊंनी ऐकवलं, घरच्यांनी आणि शेजारपाजारच्यांनी तर रोजच ऐकवलं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. बहुतेकांना धीरच द्यायचा असतो. पण आपल्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचं एक न लिहिलेलं धोरण याच वाक्यावर उभं आहे. केस म्हणजे सौंदर्य, सौंदर्य म्हणजे चैन, आणि चैन ज्यानं त्यानं आपल्या पैशानं करावी. हे धोरण गरिबांवर अन्याय करणारं आहेच. शिवाय ते धोकादायक आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच राज्यातल्या बुलढाणा जिल्ह्यानं दिला आहे.

शेगावात काय झालं

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा काही गावांत लोकांचे केस गळायला लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ, आणि तिसऱ्या दिवशी नुसता हात फिरवला तरी पुंजका हातात. आठवडाभरात काहींचं डोकं पूर्ण उघडं पडलं. म्हातारे, तरुण, बाया, शाळकरी पोरं, कुणी सुटलं नाही. पुढे हा आकडा १८ गावं आणि २७९ माणसांपर्यंत गेला. जानेवारीत वाहिन्यांचे कॅमेरे पोचले, तोवर गावागावांत माणसं टोपी-रुमालाखाली डोकं लपवत होती. काहींनी उरलेसुरले केसही काढून टाकले होते, कारण अर्धवट टकलापेक्षा गोटा बरा. ज्या घरांत लग्नं ठरायची होती त्या घरांचं काय झालं असेल, हे महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

कारणांचा शोध सुरू झाला तेव्हा पहिला आरोपी ठरला शॅम्पू. म्हणजे दोष पुन्हा लोकांचाच, त्यांनीच काहीतरी स्वस्तातलं डोक्याला लावलं असणार. पण ज्यांनी जन्मात शॅम्पूची पुडी फोडली नव्हती त्यांचेही केस गेले होते. मग पाणी तपासलं. त्यात नायट्रेट जास्त निघालं. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, तिथलं पाणी खारट आणि वाईट आहे हे खरंच. पण ते पिढ्यान्‌पिढ्या वाईट आहे. त्यानं केस गेले म्हणावं, तर ते नेमके याच डिसेंबरात का गेले, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. मग बुरशीची शंका आली, त्वचेचे तुकडे तपासणीला गेले. जानेवारीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं पथक आलं. रक्ताचे, केसांचे, पाण्याचे, धान्याचे नमुने घेऊन गेलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक उत्तर आलं, ते सरकारकडून नाही. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, पद्मश्री, स्वतःहून या कामात उतरले. त्यांनी रक्त, लघवी आणि केसांचे नमुने तपासून घेतले, आणि तिन्हींत सेलेनियम नावाचं मूलद्रव्य कित्येक पटींनी वाढलेलं सापडलं. त्यांचा रोख रेशनच्या गव्हावर होता. ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलीग्रॅम सेलेनियम निघालं, असं त्यांनी जाहीर केलं. हा गहू पंजाबकडून आलेला होता, असंही त्यांचं म्हणणं होतं.

सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभराच्याही हजाराव्या भागाइतकं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या वर रोज गेलं तर ते विष होतं. आता आपणच हिशेब करू. दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाणाऱ्या माणसाच्या पोटात त्या गव्हातून ४,३५६ मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. धोक्याच्या रेषेच्या दहापटीहून जास्त. या विषबाधेची पहिली ठळक खूण म्हणजे केस गळणं, आणि मग नखं. वैद्यकाला हे नवं नाही. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात अशीच गावंच्या गावं टक्कल पडलेली होती. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहरच्या काही पट्ट्यांत जमिनीत सेलेनियम जास्त आहे, हे कृषी शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

आणि एप्रिल २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या त्याच भागातल्या लोकांची नखं गळायला लागल्याच्या बातम्या आल्या. तेव्हाही आयसीएमआरच्या पथकाला नेमकं काय सापडलं, याचा कागद गावकऱ्यांच्या हातात पडलेला नव्हता. केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेले प्रतापराव जाधव याच बुलढाण्याचे खासदार आहेत. मंत्र्यांच्या मतदारसंघात ही गत, तर ज्यांच्या जिल्ह्याला मंत्री नाही त्यांनी कुणाकडे बघायचं?

बावस्करांचा निष्कर्ष अंतिम मानाच, असा माझा हट्ट नाही. शास्त्रात एकाच्या निष्कर्षाला दुसऱ्यानं तपासायचंच असतं. तो चूक असेल तर सरकारनं आपले आकडे ठेवून तसं सांगावं. बरोबर असेल तर तो गहू कुठल्या गोदामातून आला, आणखी कुठल्या तालुक्यांत गेला, किती जणांनी खाल्ला, हे सांगावं. ज्याच्या पोटात धान्य गेलं, त्याला त्या धान्यात काय होतं हे कळायला नको?

केस ही धोक्याची घंटा आहे

आता मूळ मुद्द्याकडे येते. या प्रकरणात सगळ्यात आधी कुणाला कळलं? ना प्रयोगशाळेला, ना अन्न व औषध प्रशासनाला, ना पुरवठा खात्याला. कळलं ते लोकांच्या डोक्याला. केसांनी सांगितलं की पोटात काहीतरी विषारी जातंय. केस बोलले नसते तर तो गहू किती महिने निमूट खाल्ला गेला असता, कोण जाणे.

केसांची मुळं शरीरातल्या सगळ्यात भराभर वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. म्हणून शरीरात काही बिघडलं की त्यांना लवकर कळतं. थायरॉइड बिघडलं, रक्तातलं लोह कमी झालं, टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपण होऊन दोन-तीन महिने उलटले, तर केस गळतात. ल्युपससारखा आजार कधी कधी डोक्याच्या चट्ट्यातून पहिल्यांदा दिसतो. भुवयांची टोकं विरळ होणं ही कुष्ठरोगाची खूण असू शकते. पोरांच्या डोक्यावरचे गोल चट्टे नायट्याचे असले, तर ते एकापासून दुसऱ्याला, अख्ख्या वसतिगृहाला लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांपैकी कितीजणी 'केस फार गळतात हो' असं म्हणत आरोग्य केंद्राच्या पायरीपर्यंत येतात आणि 'तेल लावत जा' हे ऐकून परत जातात, याचा हिशेब ठेवायला कुणी बसलेलं नाही.

हिशेब का नाही, त्याचंही कारण आहे. साथीच्या आजारांवर लक्ष ठेवण्यासाठी २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. त्यात आरोग्यसेविकेनं दर आठवड्याला भरायच्या पूर्वीच्या तक्त्यात ताप, खोकला, जुलाब, कावीळ, लुळेपणा असे रकाने होते. शेवटी 'नेहमीपेक्षा वेगळी लक्षणं' असाही एक रकाना होता, पण त्याला अट होती: त्या लक्षणांनी माणूस मेला पाहिजे किंवा भरती झाला पाहिजे. केस गेल्यानं माणूस मरत नाही, भरतीही होत नाही. म्हणजे 'जीव तर नाही गेला' हे वाक्य नुसतं लोकांच्या तोंडात नव्हतं, ते सरकारी तक्त्यातही छापलेलं होतं.

अकरा फेऱ्या

माझी स्वतःची गोष्ट शेगावसारखी नाही. मला चाई पडली. मराठीत तिला हे जुनं, घरगुती नाव आहे. डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत, केस नसलेला चट्टा पडतो. मग दुसरा, तिसरा. जुने लोक म्हणतात केसांना कीड लागली. कीड वगैरे काही नसते. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या केसांच्या मुळांना परकं समजून त्यांच्यावर हल्ला करते. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं. बऱ्याच जणांचे केस आपोआप परत येतात, काहींचे येत नाहीत, आणि काहींचं डोकंच काय, भुवया आणि पापण्याही जातात.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. ग्रामीण रुग्णालयात त्वचेचे डॉक्टर नव्हते. ते तिथं असावेत अशी मुळात रचनाच नाही. फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ ही पदं असतात (भरलेली असतात की नाही, हा वेगळा विषय), पण त्वचारोगाची सुरुवात जिल्ह्याच्या गावी होते. जिल्ह्याचं गाव माझ्या घरापासून एसटीनं अडीच तास. जिल्हा रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एका इमारतीचा नाही. तुमच्या जिल्ह्याचं नाव घातलंत तरी गोष्ट फारशी बदलणार नाही.

तिथं त्वचेची ओपीडी आठवड्यातून दोन दिवस. दरवाजावर पाटी: 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. वैद्यकाच्या दृष्टीनं या दोन गोष्टी एकत्र का आहेत, ते मला समजतं. पण त्या पाटीखाली बाकावर तीन तास बसलेल्या बाईला आपल्या मोहल्ल्यातलं कुणी पाहिलं, की घरी पोचायच्या आत काय पोचतं, ते पाटी रंगवणाऱ्याला समजलेलं नसतं. माझ्या शेजारी बसलेली एक मजूर बाई दर पाच मिनिटांनी पदर तोंडावर ओढत होती. तिच्या डोक्यावर जखमेसारखे चट्टे होते आणि ती चार महिन्यांनी आली होती. तसल्या चट्ट्यांत उपचाराला उशीर झाला तर केसांची मुळंच जळून जातात, मग कुठल्याही औषधानं तिथं केस येत नाहीत. तिचा उशीर तिच्या अडाणीपणामुळे झाला नव्हता. एक दिवस आली की एक दिवसाची मजुरी बुडते, आणि त्या दिवशी डॉक्टर भेटतीलच याची खात्री नसते.

मी एका वर्षात अकरा फेऱ्या केल्या. चार वेळा डॉक्टर नव्हते: कधी रजा, कधी दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर, कधी कोर्टाची साक्ष. तीन वेळा डॉक्टर होते, पण चट्ट्यात द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन भांडारात नव्हतं. 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी मिळाली, आणि बाहेरून आणेपर्यंत ओपीडी बंद झाली. उरलेल्या चार वेळा उपचार झाला. हे इंजेक्शन चार ते सहा आठवड्यांनी सलग घ्यायचं असतं. मध्ये तीन-तीन महिन्यांची खिंडारं पडली, की केलेलं वाया जातं. डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. एका सकाळी शंभराच्या वर माणसं बघूनही ते प्रत्येकाचं डोकं नीट हात लावून बघायचे. कोलमडलेल्या गाडीला एकटा बैल जुंपलाय, त्याला चाबूक मारून काय होणार?

मी पगारदार बाई आहे. रजा टाकू शकते, शेवटी मी खासगीत गेले. रजा नसलेल्या, पगार नसलेल्या बाईचं काय, हा माझा प्रश्न आहे.

'तुमचं डोकं तर झाकलेलंच असतं'

या फेऱ्यांमध्ये मला एक जादाचं वाक्य मिळालं, जे माझ्या शेजारच्या बाईला मिळत नसे. 'तुमच्यात तर ओढणी असते, मग काय एवढं?' दवाखान्यात हे सहज, हसत म्हटलं गेलं. गंमत म्हणजे हेच वाक्य मला माझ्या घरातही मिळालं. खाला म्हणाल्या, पर्दा आहे ना, मग झालं. बाहेरच्यांना आमची ओढणी जुलूम वाटते आणि आतल्यांना संरक्षण वाटतं, पण माझ्या टकलाच्या बाबतीत दोघांचं एकमत! ओढणीखाली जे काही आहे त्याची कुणालाच पडलेली नाही.

तर दोघांनाही सांगते. ओढणी लोकांच्या नजरेपुरती असते. आरशासमोर ती नसते. वजू करताना ओला हात डोक्यावरून फिरवावा लागतो, दिवसातून पाच वेळा. ज्या बाईच्या डोक्यावर चाई आहे तिला ती दिवसातून पाच वेळा स्वतःच्या बोटांनी मोजावी लागते. नमाजला उभं राहण्याआधी रोज कळतं की कालचा चट्टा आज वाढला आहे. आणि लग्नाच्या मुलीचं काय? तिचं डोकं झाकलेलं असतं म्हणूनच निकाहनंतर 'आम्हाला फसवलं' हे ऐकायची पाळी तिच्यावर येते. विग लावावा तर तो लावणं योग्य की नाही, यावर आमच्याकडे वेगवेगळी मतं आहेत. त्यावर तासन्‌तास बोलणारी माणसं मला भेटली. पण 'चल, तुला डॉक्टरकडे नेतो' म्हणणारा त्यांत एकही नव्हता.

हा प्रश्न एकट्या मुसलमान बायांचा नाही. केस हा बाईच्या इज्जतीचा भाग आहे, हे या महाराष्ट्रानं फार क्रूरपणे सिद्ध करून ठेवलंय. विधवेला समाजातून वजा करायचं, तर तिचे केस काढायचे, हीच रीत होती. ती मोडायला जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले, आणि १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला. त्या न्हाव्यांना जे कळलं होतं ते आजच्या आरोग्य खात्याला कळायला जड जातंय. केस गेल्यानं जीव जात नाही, पण माणसातलं स्थान जातं. शेगावच्या गावांत तेच झालं.

फुल्यांच्या नावाची योजना आणि रिकामी जागा

आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यातून होतात, आणि आता ती राज्यातल्या सगळ्यांना लागू आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण ती भरती होणाऱ्या रुग्णासाठी आहे, ऑपरेशनसाठी आहे. ओपीडीत महिनोन्‌महिने चालणारा उपचार तिच्यात बसत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. तेही चांगलंच. केसपेपर फुकट निघतो. पण डॉक्टर नसेल आणि इंजेक्शन नसेल, तर फुकटच्या केसपेपरवर लिहायचं काय?

ही रिकामी जागा रिकामी राहत नाही. तिथं बाजार येतो. गावात कुणी बिब्बा चोळायला सांगतं, त्यानं कातडी भाजते. आठवडी बाजारात तेलाची बाटली विकणारा येतो. शहरात गल्लोगल्ली 'हेअर क्लिनिक' उघडली आहेत, हप्त्यावर पॅकेज विकतात आणि तपासणीआधी पैसे घेतात. गमतीचा भाग असा, की देशाच्या औषध नियमांच्या 'अनुसूची जे' मध्ये टक्कल आहे. जे बरं करण्याचा दावा कुठल्याही औषधानं करायचा नाही, अशा आजारांची ती यादी. म्हणजे सरकारला टक्कल हा आजार आहे हे कायद्यात माहीत आहे, फक्त दवाखान्यात माहीत नाही. आणि कायद्यातलं ते कलम पायदळी तुडवणाऱ्या जाहिराती रोज आपल्या मोबाइलवर येतात.

तिकडे विज्ञान पुढे गेलंय. बॅरिसिटिनिब नावाच्या गोळीला जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं तीव्र चाईसाठी मान्यता दिली. हीच गोळी २०२१ मध्ये कोविडसाठी तातडीनं हवी होती, तेव्हा ती बनवण्याचे परवाने भारतीय कंपन्यांना मिळाले. म्हणजे ती इथं बनू शकते, बनतेही. तिचे धोके आहेत, आधी क्षयरोगाची तपासणी लागते, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. म्हणूनच ती दुकानदाराच्या सल्ल्यानं न घेता सरकारी त्वचारोगतज्ज्ञाच्या नजरेखाली घ्यायला हवी. पण तो तज्ज्ञ अडीच तासांवर, आणि आठवड्यातून दोनच दिवस.

आणखी एक विसंगती बघा. जगाला माणसांचे केस पुरवणाऱ्या मोठ्या देशांत भारत येतो. आपल्या बायांचे केस विगसाठी परदेशी जातात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आजारानं केस गेलेल्या रुग्णाला विग मिळायची सोय आहे. तो विग कदाचित आपल्याच एखाद्या बाईच्या केसांचा असेल. इथं केमोथेरपी घेणाऱ्या बाईला मात्र विगसाठी एखाद्या दानशूर संस्थेची वाट बघावी लागते.

पैसे कुठून आणायचे?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. सर्पदंशाची लस संपलेली असते, प्रसूतीसाठी रुग्णवाहिका मिळत नाही, बालकं कुपोषणानं दगावतात, तिथं केसांसाठी पैसे मागायला लाज वाटत नाही का?

नाही वाटत. एक तर गरिबाच्या दोन दुखण्यांना आपसांत भांडायला लावणं ही जुनी चलाखी आहे. सर्पदंशाची लस केसांच्या इंजेक्शनमुळे संपलेली नाही. दुसरं, मी जे मागतेय ते महाग नाही. चाईचं इंजेक्शन स्वस्त औषधांपैकी आहे. नायट्याच्या गोळ्या स्वस्त आहेत. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी हे काही रॉकेट उडवणं नव्हे. तिसरं, न केलेल्या खर्चाचीही किंमत असतेच. शेगावात पहिल्या दहा डोक्यांकडे पहिल्याच आठवड्यात कुणी गंभीरपणे पाहिलं असतं, घरातल्या पिठाचा नमुना तेव्हाच घेतला असता, तर २७९ चा आकडा कदाचित झाला नसता.

मागण्या साध्या आहेत. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी त्वचारोगतज्ज्ञ यावा, आणि तो येणार नसेल तर आदल्या दिवशी रुग्णाच्या मोबाइलवर निरोप यावा. ई-संजीवनीसारखी दूरवैद्यकीय सेवा आहेच. त्वचेचा आणि केसांचा आजार फोटोवरून बराचसा ओळखता येतो, मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना तो फोटो पाठवायची सवय आणि सोय द्या. चट्ट्यातली इंजेक्शनं आणि नायट्याची औषधं भांडारात कायम असावीत. फुले योजनेत लांब चालणाऱ्या ओपीडी उपचारांचा समावेश व्हावा, आणि केमोथेरपीच्या पॅकेजमध्ये विग असावा. 'गुप्तरोग' हा शब्द पाटीवरून काढा, नाव बदलायला तर पैसेही लागत नाहीत. एकाच गावात पाच जणांचे केस किंवा नखं एकदम गेली, तर ती बातमी जिल्ह्यापर्यंत त्याच दिवशी जावी, असा रकाना सर्वेक्षणात ठळकपणे ठेवा. आशाताईंना तो कसा भरायचा हे शिकवा. गावातल्या कुठल्या घरात काय चाललंय, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

आणि आपल्यासाठी एक. मशिदीत, दर्ग्यात, शाळेच्या पालक सभेत आपण मधुमेहावर बोलतो, डोळ्यांची शिबिरं भरवतो. त्याच शिबिरात डोक्यावरची ओढणी निर्धास्तपणे काढता येईल असा एक पडदा लावलेला कोपरा आणि एक बाई डॉक्टर बसवायला काय लागतं? मुलीचे केस गेले म्हणून स्थळं परत पाठवणाऱ्या घरांना मोहल्ल्यानं जाब का विचारू नये?

सगळ्यात शेवटची मागणी शेगावची, आणि ती मी माझी समजते. रेशनचा गहू कोण खातं? ज्याला बाजारातला परवडत नाही तो. तो दलित असेल, मुसलमान असेल, मराठा असेल, आदिवासी असेल. दुकानात थैली उघडी करून 'हा नको, दुसरा द्या' म्हणायची सोय त्याला नसते. जे दिलं ते तो विश्वासानं शिजवतो आणि पोरांच्या ताटात वाढतो. त्या विश्वासाच्या बदल्यात सरकारनं त्याला निदान कागद तरी द्यावा. त्या गव्हात काय होतं, कुठून आलं होतं, पुन्हा येऊ नये म्हणून काय केलं, हे साध्या मराठीत लिहून प्रत्येक रेशन दुकानाच्या फळ्यावर लावा. केस अनेकांचे परत आले असतील. माहिती अजून परत यायची आहे.